निळ्या काठाचा कप

शुक्रवारी सकाळी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या फलाटावर सिमाने आईला जे सांगितलं, ते ऐकून सिप्पोरा दुकानाकडे वळलीच नाही. ती तडक बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात गेली. दुसरी एखादी बाई फलाटावरच्या बाकावर बसून रडली असती. सिप्पोरा रोहेकर रडण्याचं काम नेहमी मागे ठेवी. आधी खातरजमा, मग रडणं.

सिमाने दोनच वाक्यं सांगितली होती. मी लालोशी लग्न करणार आहे, हे पहिलं. आणि आईचा चेहरा पाहून घाईघाईने दुसरं, "आई, तो ज्यूच आहे गं. आपल्यासारखाच."

आपल्यासारखाच म्हणे! पाच वर्षं सिप्पोरा त्या माणसाच्या शेजारी उभी राहून भात शिजवत होती. मूरगेटजवळच्या एका बोळातलं तळघर म्हणजे लालोचं दुकान, ‘हवाना लंच’. बारा वाजले की सिटीतले, म्हणजे लंडनच्या पेढ्या-कचेऱ्यांच्या भागातले, कारकून, टायपिस्ट मुली, बँकांमधली उमेदवारी करणारी पोरं छत्र्या झाडत जिना उतरत. ताटात भात, काळा घेवडा आणि तळलेली केळी. गरम, पोटभर आणि खिशाला परवडणारं. हाईम, म्हणजे सिप्पोराचा नवरा, आधी त्या गिऱ्हाइकांतलाच एक होता. विमा कंपनीच्या ऑफिसातून रोज जेवायला येता येता एक दिवस तो नोकरी सोडून लालोचा भागीदारच होऊन बसला. "अगं, हा आपला उसळ-भातच आहे, नाव तेवढं क्यूबाचं," असं सांगून त्याने तिलाही स्वयंपाकघरात आणलं.

तिने येताना एकच अट घातली होती. दुकानात सगळ्यांत जास्त खपायचं ते लालोचं सँडविच. पावात हॅम, भाजलेलं डुकराचं मांस आणि चीज घालून तापल्या लोखंडी दाबाखाली चपटं केलेलं. त्याला ती हात लावणार नव्हती. मग हाईमने स्वयंपाकघराच्या जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. डावीकडे सिप्पोराची पातेली, उजवीकडे लालोचा दाब. चहासाठी लालोचा एक कप वेगळा, निळ्या काठाचा. तो वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे आणि वेगळ्या फडक्याने पुसला जाई. यावर कोणी कधी बोललं नव्हतं. सिप्पोराला तर यात बोलण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

आणि आता तोच माणूस यहुदी?

बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरातल्या प्रत्येक पोराला एक गोष्ट दुधाबरोबर पाजलेली असते. गलबत फुटून पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले. पुस्तकं बुडाली, प्रार्थना विसरल्या. देव एक आणि शनिवारी घाणा बंद, एवढंच हाताशी राहिलं. गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मग शेकडो वर्षांनी परदेशातून एक शहाणा माणूस आला. हे आपलेच का, हे त्याला कळेना. त्याने बायांसमोर मिसळीच्या माशांची पाटी ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायांनी खवल्यांचे मासे उचलले, यहुद्यांना वर्ज्य असलेले बिनखवल्यांचे बाजूला काढले. तो म्हणाला, ओळख पटली.

आपल्या पणजीच्या पणजीने दिलेली परीक्षा या बाप्याने द्यायला काय हरकत आहे, असा सिप्पोराचा विचार. तिने खवल्यांच्या दोन बोया घेतल्या, बिनखवल्यांची एक लांबलचक वाम घेतली, तसेच पाकटाचे दोन तुकडे घेतले. वर मुद्दाम चार बांगडे. बांगड्याचे खवले इतके बारीक की नवखा माणूस हमखास फसतो. पाटी तिने बर्फावर ठेवली आणि दोन दिवस कोणाशी अवाक्षर बोलली नाही.

रविवारी अख्खी सिटी ओस पडलेली होती. दुकानही बंद. प्रेषित एलियाहू हन्नाबीचा उरुस खरं तर बुधवारीच होऊन गेला होता, पण बुधवारी लंडनमध्ये सुट्टी कोण देतो? म्हणून मलिदा दरवर्षी पुढच्या रविवारी, आणि तोही दुकानात, कारण रोहेकरांच्या इलफर्डच्या घरात चार माणसं बसली की पाचव्याला जिन्यात बसावं लागे. हाईमचे थोरले भाऊ मनाशे रेल्वेतून निवृत्त झालेले, डोक्यावर मखमली टोपी, घरातली प्रार्थना त्यांचीच. ते एका टेबलावर मलिद्याच्या गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा ढीग नीट करत होते आणि भोवती पाच फळं मांडत होते. लालो स्टुलावर चढून फळ्यावरचे भाव पुसत होता. उद्यापासून देशात शिलिंगांचा हिशोब जाऊन नवे पेन्स येणार होते.

"लालो," सिप्पोराने हाक मारली. "आज मासे तू कर."

लालोचं इंग्रजी स्पॅनिश वळणाचं, तिचं कोकणी वळणाचं. त्यामुळे दोघांना एकमेकांचं बोलणं इंग्रजांपेक्षा बरं कळे. "मी? तुमच्या बाजूला?" त्याने पिवळ्या रेघेकडे पाहिलं.

"आज चालेल. हात धू."

हाईमने मान वर केली. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोच्या आवाजातली सुरी ऐकू येते.

लालोने हात धुतले, कोरं एप्रन बांधलं आणि पाटीवरचं फडकं काढलं. मग त्याने पहिली बोय उचलली, शेपटाकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख ओढलं, टरटर आवाज आला, ती ताटात गेली, मागोमाग दुसरीही. वाम उचलली आणि शेजारच्या कागदावर ठेवली. पाकटाचे तुकडे, तेही कागदावर. मग बांगडा हातात आला आणि तो थांबला.

आता घसरला, सिप्पोराच्या मनात आलं. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

लालोने बांगडा दिव्याखाली नेला. पराच्या मागे नखाने हळूच खरवडलं, नखाला चिकटलेलं कायसं उजेडात निरखलं आणि बांगडा बोयांशेजारी ठेवला. उरलेले तिन्ही त्याने न बघताच तिथे ठेवले. मग वाम आणि पाकट कागदात गुंडाळून त्याने विचारलं, "हे कोणासाठी आणलंत? तुमच्या घरात हे कोणी खात नाही."

सिप्पोरा एकदम मराठीवर आली. "सिमाने पढवलं याला."

"मी?" सिमा ताटल्या पुसत होती, ती पुढे आली. तेराव्या वर्षी लंडनला आलेली मुलगी. तिचं मराठी तेराव्या वर्षीच थांबलेलं. "मला बांगडा काय आणि कॉड काय, सेमच दिसते. आई, तू टेस्ट घेतला त्याचा? फिशवर?"

"कसली टेस्ट?" मनाशेंची सफरचंद कापणारी सुरी थांबली. "हाईम, काय चाललंय हे?"

लालोला शब्द कळले नाहीत, पण प्रकार कळला. तो रागावला असता तर सिप्पोराला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "माझी आजी तुर्कस्तानातल्या इझमीरहून हवानाला आली. दर गुरुवारी मला बंदरावर न्यायची. बांगड्याला खवले असतात, पण ते शोधणाऱ्यालाच दिसतात, असं म्हणायची."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही माझा कप वेगळा काढलात." त्याने खिळ्याकडे बोट केलं नाही, नजरही वळवली नाही. "मला वाटलं, बरोबरच आहे. दिवसभर हॅम कापणारा माणूस मी. मी ते खात नाही, हे सांगून काय फरक पडणार होता?"

सिप्पोराने आठवून पाहिलं. पाच वर्षांत लालोला सँडविच खाताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? तो दाबाशी उभा राहिला की ती मान फिरवत असे.

एव्हाना मनाशेंना सगळं कळलं होतं. लग्न, फलाट, पाटी, सगळं. ते खुर्चीत मागे टेकले. "आमच्या घरात मुलींचं जमतं ते असं? दुकानात? सिप्पोरा, तू आधी माझ्याकडे यायला हवं होतंस."

"म्हणून तर पाटी आणली, भावजी. मला वाटलं, तुमच्यासमोर उघडं पडेल."

"पडलं काय?"

"नाही पडलं," सिप्पोरा म्हणाली. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती.

तेव्हा हाईम उठला. हाईम रोहेकर हा असा माणूस की घराला आग लागली तरी आधी सगळ्यांचं जेवण उरकू देईल. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घड्या पडलेला एक लिफाफा काढला. "दादा, सिप्पोरा, मला सांगायचंय. लंडनच्या मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीत लग्नाच्या परवानगीचा अर्ज जानेवारीतच केला. बाप म्हणून मी सही केली."

सिप्पोरा नवऱ्याकडे वळली. मुलगी फितूर झाली, ते एक वेळ चालेल, मुलीच त्या. पण हाईम? "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. कागद मागवू, खात्री झाली की तुला सांगू, असं मनात होतं. उत्तर दहा दिवसांपूर्वी आलं. टपालाचा संप आहे ना, म्हणून त्यांनी माणसाहाती पाठवलं."

"दहा दिवस?" आता ओरडली ती सिमा. "बाबा, तुम्ही मला म्हणालात अजून काही आलं नाही!"

"वाच दादा," हाईम म्हणाला. "माझ्याने मोठ्याने वाचवत नाही."

मनाशेंनी चष्मा लावला. इंग्रजी पत्र ते स्टेशनमास्तरच्या थाटात वाचत आणि प्रत्येक वाक्यानंतर सिप्पोरासाठी मराठी करत. "वर, एदुआर्दो बेहार, म्हणजे हा लालो. आईवडिलांचा लग्नाचा दाखला आणि हवानाच्या प्रार्थनामंदिराचं पत्र पाहिलं. यहुदी असल्याबद्दल शंका नाही." त्यांनी लालोकडे चष्म्यावरून पाहिलं. "ठीक आहे. तुझे कागद चोख आहेत. वधू, सिमा हाईम रोहेकर." ते पुढचं वाचू लागले आणि थांबले.

"काय लिहिलंय, भावजी?"

"वधूचं कुटुंब..." मनाशेंनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांना उघड्या डोक्याने सिप्पोराने कधी पाहिलं नव्हतं. "वधूचं कुटुंब भारतातल्या ज्या समाजातून येतं, तो समाज यहुदी आहे किंवा कसं, याची खात्री या कचेरीला नाही. आईच्या बाजूच्या चार पिढ्यांचे लग्नाचे दाखले आणा. ते नसतील तर वधूने आणि तिच्या आईने तीन धर्मगुरूंसमोर हजर व्हावं. चौकशी होईल. गरज वाटली तर नव्याने धर्मात घेण्याचा विधी करावा लागेल."

वर रस्त्यावरून एक मोटार गेली तेवढी ऐकू आली.

सिप्पोराला पहिल्यांदा वाटलं की मराठी करताना भावजींची चूक झाली. वराचं वधूला आणि वधूचं वराला वाचलं गेलं असणार. तिने पत्र हातात घेतलं आणि आपलं नाव शोधलं. नाव होतं, तिच्याच नावापुढे ते सगळं होतं. तिच्या कानशिलात कोणी भडकावली असती तर एवढं लागलं नसतं. नव्याने धर्मात? तिने? जिने पंचवीस वर्षं बेसिनमध्ये दुधाच्या आणि मटणाच्या भांड्यांना दोन वेगळ्या घासण्या ठेवल्या? जिने शनिवारी आजवर काडी ओढली नाही?

"दाखले कसले?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझ्या आजीच्या आजीकडे तेलाचा घाणा होता आणि घाण्याला बैल होता. तो बैल शनिवारी उभा राहायचा. अख्ख्या रोह्याला ठाऊक होतं. त्याचा कागद कुठून आणू?"

"हॅम विकणाऱ्याचे कागद चालतात," मनाशे म्हणाले, "आणि मी चाळीस वर्षं सणासुदीला शोफारचं शिंग फुंकलं, ते चालत नाही. हात दाखवून अवलक्षण केलंस, हाईम. आता या पत्राला उत्तर द्यायचं नाही. आम्ही कोण, हे आम्ही कोणाच्या दारात जाऊन विचारणार नाही. लग्न मोडलं. सिप्पोरा, तुला तरी हेच हवं होतं ना?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. सिमाच्या हातात अजून ताटली होती. लालोने एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले.

हेच हवं होतं, खरंच. शुक्रवारपासून ती दुसरं काहीच मागत नव्हती. आता नुसतं गप्प बसलं की पुरे. पत्र चुलीत जाईल, क्यूबाचा माणूस रेघेपलीकडे राहील आणि मुलगी आपल्याजवळ. सिप्पोराने टेबलावरच्या पाटीकडे पाहिलं. ताटात सहा मासे, कागदात वाम आणि पाकट. तिला कोणी तरी पाटीसमोर उभं करतंय म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि अर्ध्या तासापूर्वी तिने स्वतः काय केलं होतं? तो तर काही न बोलता हात धुऊन उभा राहिला होता.

"भावजी," पत्र पुढे करत ती म्हणाली, "पुरतं वाचा. खाली अजून आहे."

मनाशेंनी नाइलाजाने टोपी घातली. "दाखले नसल्यास... स्वतःच्या समाजाबाहेरचा एखादा यहुदी, ज्याने हे कुटुंब, त्यांचं स्वयंपाकघर आणि त्यांचा शनिवारचा शब्बाथ किमान पाच वर्षं जवळून पाहिला आहे, अशा माणसाचं लेखी निवेदन विचारात घेतलं जाईल." त्यांनी पत्राची घडी केली. "असा माणूस कुठून आणायचा? इलफर्डच्या सिनेगॉगमध्ये आपल्याशेजारी कोणी बसत नाही. पाच वर्षं आपलं स्वयंपाकघर कोणी पाहिलंय?"

काखेत कळसा म्हणतात तो असा. सिमाने इंग्रजीत लालोला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर आला तो राग नव्हता, दयाही नव्हती, नुसता धक्का होता. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं, हे सिप्पोराला त्या चेहऱ्यावरून कळलं.

"मी पाहिलंय," तो म्हणाला.

"नवऱ्या मुलाचं कोण ऐकणार?" मनाशे म्हणाले. पण त्यांनी ते इंग्रजीत म्हटलं, म्हणजे उत्तर हवं होतं.

"नवरा मुलगा म्हणून नाही, भागीदार म्हणून लिहीन. त्यांनी नाकारलं तर पुन्हा लिहीन." लालो सिप्पोराकडे वळला. "शुक्रवारी तीन वाजता तुम्ही ओटा पुसता आणि शब्बाथ लागण्याआधी घरी निघता, गिऱ्हाईक असो नसो. शनिवारी फोन वाजला तर उचलत नाही. पाच वर्षांत एकदाही रेघ ओलांडली नाही. एकदा माझ्या हाताला भाजलं, तेव्हा मलम लावलंत, तेही मला रेघेच्या या बाजूला बोलावून. हे सगळं लिहीन."

सिप्पोरा चहाकडे वळली. तिने आधण ठेवलं, आलं ठेचलं, कप काढले. हाताच्या सवयीने चार काढले आणि पाचव्यासाठी हात त्या वेगळ्या खिळ्याकडे गेला. तिथेच थांबला. तिने खिळ्यावरचा कप तसाच ठेवला आणि फळीवरून पाचवा काढला, बाकीच्यांसारखाच, पांढरा. लालोच्या हातात देताना तिला त्याच्याकडे बघवेना.

"एवढं सगळं लिही," ती म्हणाली. "फक्त कपाचं लिहू नकोस. माझ्यावर उपकार होतील."

लालोने चहाचा घोट घेतला. मग उठून तो खिळ्यापाशी गेला, निळ्या काठाचा कप काढून त्याने पत्रावर ठेवला, उडू नये म्हणून ठेवतात तसा.

"कपाचंच तर पहिलं लिहावं लागेल," तो म्हणाला. "बाकीचं कोणीही सांगेल, आंटी. हॅमवाल्याचा हा वेगळा कप पाहिल्याशिवाय ते तुमच्यावर विश्वास कसा ठेवणार?"